दहाची हजेरी

आमच्या मोठ्या भाऊजींशी सलग दहा मिनिटं बोलून ज्याचं डोकं ठिकाणावर राहिलंय असा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि या सबंध पट्ट्यात डोकं ठिकाणावर असलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितेय. मोठे भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. रावेतला एकाच सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. सासरे लातूरकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागले, आणि भाऊजी त्याच कारखान्याच्या फायर खात्यात वायरलेसवर बसले. तीस वर्षं कानाला सेट. निवृत्त झाल्यावर घरी बसतील तर शपथ. चाकणकडच्या बावीस कंपन्यांनी आगीत एकमेकींना मदत करायला एक मंडळ काढलं होतं, त्यांनी यांना बोलावून घेतलं. बावीस गेटं, प्रत्येक गेटवर एक वायरलेस सेट, दोन बंब, आणि दहा बाय दहाच्या कंट्रोल रूममध्ये आमचे भाऊजी. मी यातल्याच एका कंपनीत, बारा नंबरच्या गेटच्या आत, ॲडमिनला आहे, आणि मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायचं कामही माझ्याच गळ्यात मारलेलं आहे. म्हणजे घरीही भाऊजी आणि कामावरही भाऊजी. सहन करण्याची माझी ताकद किती असेल, तुम्हीच ठरवा.

भाऊजींचा पहिला नियम असा की, सांगितलं म्हणजे पोचलं असं नाही. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवलं तर पोचलं. सेटवर हे ठीक आहे हो, पण हा माणूस घरातही तेच करतो. जाऊबाईंना म्हणणार, "संध्याकाळी पीठ आणतो, ज्वारीचं, दोन किलो," आणि जागचे हलणार नाहीत. जाऊबाई भाजी चिरता चिरता म्हणणार, "संध्याकाळी पीठ, ज्वारीचं, दोन किलो." मग हे "मिळालं" म्हणून चपला घालणार. एकदा त्या चिडून नुसत्याच "हं" म्हणाल्या, तर हे वीस मिनिटं दारात उभे. शेवटी मी जिन्यावरून जाता जाता पिठाचं परत म्हणून टाकलं आणि दोघांची सुटका केली. लग्नकार्यातली एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडते, भंतेजी त्रिशरण-पंचशील सांगतात आणि सगळा मांडव मागून म्हणतो ती. "ही पद्धत बरोबर," असं ते दर लग्नात मला सांगतात. नणंदेच्या मुलीच्या लग्नात मागच्या रांगेतले पाहुणे गप्पा मारत बसले होते, तर हे उठून त्यांच्यापाशी गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचं आलं नाही." पाहुणे मुलाकडचे. त्यांना वाटलं, आहेर विचारतायत. नणंद आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हती.

दुसरी खोड याहून वाईट. सेटचं बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द तुटतो, म्हणून बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि मग बोलायचं. तीस वर्षांत ते बटण भाऊजींच्या जिभेवर जाऊन बसलं. काही विचारलं की हे तोंड उघडतात आणि थांबतात. माहीत नसलेल्या माणसाला वाटतं, गेला हा, ॲम्ब्युलन्स बोलवा. याच नणंदेच्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा मुलाच्या वडिलांनी आदराने विचारलं, "काय दादा, मुलगा पसंत आहे ना?" भाऊजींनी तोंड उघडलं आणि थांबले. मुलाच्या वडिलांना घाम फुटला. ते आपणहून सांगायला लागले की आधीचं ठरलेलं लग्न मोडलं त्यात मुलाची काही चूक नव्हती. आधीचं लग्न ठरलं होतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. भाऊजी म्हणाले, "पसंत आहे," पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि तळघरं. माझ्या भावाने हिंजवडीच्या पुढं माण गावात फ्लॅट घेतला. आम्ही सगळे गृहप्रवेशाला गेलो. लोक स्वयंपाकघर बघतायत, फरशी बघतायत, आणि भाऊजी गायब. अर्ध्या तासाने सोसायटीचा सिक्युरिटीवाला त्यांना दंडाला धरून वर घेऊन आला. पार्किंगच्या दुसऱ्या तळघरात फोन हातात उंच धरून गाड्यांच्या मधून फिरत होते म्हणे. माझी वहिनी जेवायला वाढत होती, तिला म्हणाले, "खाली रेंज नाही. आग लागली तर बंबवाल्याला वरच्याशी बोलता येणार नाही. धुरात जिना चढून सांगायला यावं लागेल. तोवर खालचे खाली." वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या दिवसापासून तिने त्यांना बोलावणं बंद केलं, आणि मीही माहेरच्यांची बाजू घेऊन घरी येऊन भाऊजींना चार शब्द सुनावले. हे मी मुद्दाम सांगतेय. मी काही पहिल्यापासून शहाणी नव्हते.

तर कामाचं. रोज सकाळी दहाला भाऊजी सेटवरून हजेरी घ्यायचे. "गेट एक?" "हजर." "गेट दोन?" "हजर." चार मिनिटांत बावीस गेटं. हजेरी पुरी झाली की चहा घ्यायचे आणि दिवसभर खूश. एके दिवशी काय लहर आली, सेट बंबाच्या ड्रायव्हरच्या हातात देऊन हे स्कूटरवर नऊ नंबरच्या गेटला जाऊन उभे राहिले. दहा वाजले. नऊ नंबरचा सेट कपाटात, त्याची बॅटरी काढलेली, आणि चार्जरच्या जागी गार्डचा मोबाइल लावलेला. आणि यांच्या हातातल्या छोट्या सेटवर मात्र स्पष्ट आवाज आला, "गेट नऊ हजर." भाऊजींना वाटलं, आपल्याला वेड लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं, अकरा नंबरचा गार्ड, अहमदपूरकडचा पन्नाशीतला माणूस, गावच्या तमाशात सोंगाड्याचं काम केलेला, स्वतःची हजेरी देऊन वर नऊ, चौदा आणि सतरा नंबरचीही देत होता. तिघांचे तीन आवाज. चौदाला कायमची सर्दी ठेवली होती. बदल्यात नऊ नंबरच्या कँटीनमधून त्याला जेवण यायचं. हे किती दिवस चाललं होतं विचारलं तर म्हणाला, "साहेब, दोन पावसाळे झाले बघा."

भाऊजी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. पिठाचंही सांगितलं नाही, इतके. मला वाटलं, आता त्या सोंगाड्याची नोकरी गेली. पण यांनी त्याची तक्रार केली नाही. "आवाज चांगला आहे त्याचा," म्हणाले, "सेटवर असाच माणूस पाहिजे." मात्र तिसऱ्या दिवसापासून हजेरी बदलली. आता नुसतं हजर म्हणून चालेना. ज्या गेटवर उभं राहिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारायचे. "गेट सहा, समोर काय उभं आहे?" "कांद्याचा ट्रक, ड्रायव्हर झोपलाय." "गेट सहा, कांद्याचा ट्रक, ड्रायव्हर झोपलेला. मिळालं. गेट सात, कुत्री किती?" "तीन. एक लंगडं हाय." रोज सकाळी दहाला चाकणच्या रस्त्याचा सगळा संसार सेटवर यायचा. कुठं कंटेनर अडकला, कुठं म्हैस बसली, कुठल्या झाडाखाली कोण वडापाव खातंय. चार मिनिटांची हजेरी पंचवीस मिनिटांवर गेली. आमच्या कंपनीतले इंजिनिअर कँटीनमध्ये याच्या नकला करायचे. मी ऐकून घ्यायचे, आणि खोटं कशाला बोलू, हसायचेही.

मग मंडळाला नवे सेक्रेटरी मिळाले. मोठ्या कंपनीतले, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यांनी ॲप आणलं. एसी हॉलमध्ये पडद्यावर बावीस ठिपके दाखवले, सगळे हिरवे. गार्डने मोबाइलवर एकदा बोट लावलं की ठिपका हिरवा. हजेरी आपोआप. आग लागली तरी एक बोट, की सगळ्यांना निरोप. जुने सेट काढून टाकू, त्यांची देखभाल कोण करणार, आणि सेटवर म्हशी मोजण्यापेक्षा हे बरं नाही का. सगळे हसले. भाऊजी मागच्या खुर्चीवरून उठले, तोंड उघडून थांबले, लोक पुन्हा हसले, मग ते म्हणाले, "नऊ ते चौदा नंबरच्या गेटांना रेंज देणारा मोबाइलचा टॉवर नऊ नंबरच्याच गच्चीवर आहे. नऊला आग लागली की पहिली लाइट तोडणार. टॉवर बंद. मग आत अडकलेला माणूस कुणाला सांगणार?" सेक्रेटरी म्हणाले, "काका, आजच्या काळात टॉवर कधी बंद पडतो का?" भाऊजी म्हणाले, "ठिपका हिरवा म्हणजे गार्ड सकाळी होता. आत्ता आहे का, ते कळत नाही. सेट काढले तर एक दिवस माणूस मरेल." सेक्रेटरींनी टाळ्या वाजवून त्यांच्या अनुभवाचा आदर केला. हो, टाळ्या. आणि मला म्हणाले, "मॅडम, ठराव सर्वानुमते लिहा. काका काही सभासद नाहीत, त्यांचं मत धरायचं कारण नाही." मी लिहिलं, सर्वानुमते. माझ्या हाताने लिहिलं. त्या पानावर माझी सही आहे, आणि आज ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, ती आधी माझ्यावर आणि मग बाकीच्यांवर.

बावीस सेट एका खोक्यात भरून स्टोअरमध्ये ठेवले. भाऊजींना शाल देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीच्या वेळी तयार, डबा घेऊन स्कूटरला किक मारतायत. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, कुठं?" "हजेरीला." आणि खरंच हा माणूस रावेतहून मोशीमार्गे चाकणला जाऊन गेटोगेट फिरायला लागला. रिकामटेकडा म्हातारा म्हणून गार्ड चहा पाजायचे. भाऊजींनी त्या चहावर त्यांना शाळा लावली. गार्डला गेट सोडून लांब जाता येत नाही, फार तर शेजारच्या गेटपर्यंत. म्हणून फोन बंद पडला तर नऊने दहाला पळायचं, दहाने अकराला, असं करत निरोप बंबापर्यंत न्यायचा. आणि प्रत्येकाने तो घेतल्यावर आधी परत म्हणून दाखवायचा, मगच पळायचं. सराव घ्यायचे. अहमदपूरचा सोंगाड्या, एक बिहारचा, एक कणकवलीचा, एक इथलाच खेडचा म्हातारा, हे लोक भर उन्हात या गेटवरून त्या गेटवर पळून एकमेकांना निरोप म्हणून दाखवतायत, आणि भाऊजी स्कूटरवर बसून घड्याळ बघतायत. खेडचा म्हातारा मला एकदा म्हणाला, "बाई, तुमचं भाऊजी येडं हाय, पर मानूस लई ग्वाड."

आमच्या मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, ते तुमच्या घरातले ना? गार्डची ड्युटी बिघडवतायत. आपल्या गेटवर नको." मी घरी येऊन भाऊजींच्या दारात उभी राहून जे बोलले ते आज लिहायची लाज वाटते. म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे, मला नोकरी आहे, माझ्या नोकरीवर आणू नका. ते शांतपणे म्हणाले, "तुझं बारा नंबर. बाराला मी येत नाही." मी म्हटलं, ठीक. त्यांनी परत म्हणून दाखवायला सांगितलं नाही. त्यांनी शब्द पाळला. अकरापर्यंत यायचे, आमच्या गेटवरून मान वळवून पुढं जायचे, आणि तेराला थांबायचे. आमच्या गेटला तर मी स्वतः नवी पद्धत आणली होती, की बाहेरचा कुणीही आला तरी त्याच्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय आत सोडायचं नाही. तिचं वरपर्यंत कौतुक झालं होतं.

मग आग लागली. दिवसाढवळ्या, सकाळी अकरानंतर, नऊ नंबरमध्येच, मागच्या पॅकिंग शेडला. पुठ्ठा आणि थर्माकोल. लाइट तोडली. गच्चीवरचा टॉवर गेला. मागचं शटर विजेवर उघडणारं, ते उघडेना, आणि आत दोन माणसं राहिली, पॅकिंगला असणारी एक बाई आणि फोर्कलिफ्ट चालवणारा एक बुलढाण्याचा माणूस. सगळ्या गल्लीत एकाचाही फोन लागेना. ॲपवर मात्र बावीसही ठिपके हिरवे होते, सकाळपासूनचे. तुम्ही म्हणाल, धूर दिसला नसेल का बंबवाल्यांना. चाकणला धूर रोजचाच आहे हो, धूर बघून कुणी बंब काढत नाही. नऊचा गार्ड दहाला पळाला. दहाने ऐकलं, परत म्हटलं, अकराला पळाला. अकराच्या सोंगाड्याने ऐकलं, परत म्हटलं आणि आमच्या गेटवर आला. आमचा गार्ड एजन्सीचा, कामाला कडक. त्याला ही शाळा माहीतच नव्हती. आमच्या आवारातून मागच्या दाराने तेराला दोन मिनिटांत जाता येतं, बाहेरून जायचं तर अख्ख्या भिंतीला वळसा. सोंगाड्या म्हणाला, तू पळ नाही तर मला आतून जाऊ दे. गार्ड म्हणाला, "ओटीपी आएगा तभी अंदर." टॉवर बंद, ओटीपी येतोय कुठला. गार्ड मला फोन लावत राहिला, तोही लागेना. मी तिथून दीडशे पावलांवर, एसीत, इतिवृत्त टाइप करत होते. शेवटी तो पन्नाशीचा माणूस बाहेरून वळसा घालून पळत गेला, तेराच्या गेटवर जाऊन खाली बसला आणि धापा टाकत म्हणाला, "नऊ नंबर, मागचं शटर, आत दोघं, लाइट नाही." तेराने परत म्हटलं आणि चौदाला पळाला. चौदाला भाऊजी चहा पीत होते. त्यांनी स्कूटर काढली आणि थेट बंबाकडे पिटाळली.

पाच माणसांच्या तोंडातून तो निरोप गेला आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. बंब पुढच्या दाराला न जाता सरळ मागच्या शटरला गेला, कटरने पत्रा कापला आणि दोघांना बाहेर काढलं. बाई वाचली. तो बुलढाण्याचा माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. डॉक्टर म्हणाले, धूर फार गेला होता, थोडा आधी बाहेर आला असता तर.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी प्रत्येक गेटवर जाऊन वेळा विचारल्या आणि वहीत लिहिल्या. नऊहून निघाला अकरा चार. दहाला पोचला अकरा सहा. अकराला, अकरा आठ. बाराला, अकरा नऊ. तेराला, अकरा सतरा. मी ती वही बघितली, जाऊबाईंनी चहाच्या ट्रेखाली ठेवली होती. बारा आणि तेराच्या मध्ये आठ मिनिटं. त्यांनी त्याखाली काही लिहिलं नव्हतं, रेघसुद्धा मारली नव्हती. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

पुढच्या बैठकीत सेक्रेटरींनी अहवाल वाचला. त्यात होतं की ॲपवर सर्व गेटं हिरवी होती, यंत्रणा सज्ज होती, आणि गार्डनी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल त्यांना मिठाईचा पुडा देण्यात यावा. मेलेल्या माणसाचं नावही चुकीचं लिहिलं होतं. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हटलं की बारा नंबरच्या गेटवर आठ मिनिटं गेली, ती माझ्या पद्धतीमुळे गेली, सेट असता तर सगळ्या निरोपाला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि सेट काढायला काकांचा विरोध होता, तो मी लिहिला नाही, तो आज लिहितेय. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात नको." मी म्हटलं, भावनेच्या भरातच लिहिणार, आणि लिहिलं. मॅनेजरांनी मला दोन महिने इतिवृत्ताच्या कामातून काढलं. तसं बरंच झालं. सेट मात्र महिन्याभरात खोक्यातून बाहेर आले, कारण सरकारी साहेब तपासणीला येणार होते. नव्या बॅटऱ्या घातल्या, फीत कापली, फोटो काढले, आणि त्याला मंडळाचा नवा उपक्रम म्हटलं. भाऊजींना बोलावलं नाही. त्यांच्या जागी एक हुशार इंजिनिअर बसवलाय, तो नुसती हजेरी घेतो, चार मिनिटांत आटपतो. मेल्यांना एवढं घडूनही काही कळलं नाही, आणि कळणारही नाही.

मागच्या रविवारी ती वाचलेली बाई भाऊजींकडे आली. पत्ता तिला खेडच्या म्हाताऱ्या गार्डने दिला होता. चाळिशीची असेल, हातावर भाजल्याचे डाग, पिशवीत घरच्या शेंगा. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि भाऊजी समोर. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काका, एक इचारायचं व्हतं. धूर नुस्ता भरायला लागला व्हता, तवाच त्यानं मला इचारलं, ताई, बाहेर कुनाला कळलं आसंल का. मी म्हनलं, कळलंय, निगाल्यात. मला काय बी म्हाईत न्हवतं. मी आपलं म्हनलं. मंग तो खाली बसला. हाका मारायचा बी थांबला. मला झोप न्हाई लागत, काका. मी त्याला खोटं सांगितलं का?"

भाऊजींनी विचारलं, "आग लागल्यावर किती वेळाने म्हणालात?"

"चार-पाच मिन्टं झाली आसतील."

"मग कळलं होतं," भाऊजी म्हणाले. "तोवर बंब निघालेला होता. तुम्ही खरंच सांगितलंत, ताई."

ती रडली. पदराने तोंड पुसून पुन्हा रडली, मग चहा प्यायली, आणि जाऊबाईंनी केलेले पोहेही खाल्ले. मी कपाळावर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी होते. पाचव्या मिनिटाला तो निरोप माझ्या गेटवर ओटीपीची वाट बघत उभा होता, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक आहे असं मला वाटत होतं, भाऊजींना आणि मला. न पोचलेला निरोप पोचला असं ज्या माणसाने तीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही, साध्या पिठाच्या बाबतीतही म्हटलं नाही, त्या माणसावर ही वेळ आणली. त्या कमिटीला मी बाकी सगळं एक वेळ माफ करीन, हे नाही करायची. आणि मलाही कुणी करू नये. जाऊबाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "यांचे कान बघ किती लाल झालेत. बत्तीस वर्षं संसार केला, मला माहीतच नव्हतं यांना खोटं बोलताना असं होतं."

भाऊजी तिची पिशवी घेऊन तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. आम्ही दोघी गॅलरीतून बघत होतो. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, बस वळली, तरी हे स्टॉपवर तसेच उभे. मला त्यांना सांगायचं होतं की भाऊजी, बाराला तुम्ही माझ्यामुळे येत नव्हता, ती आठ मिनिटं माझी आहेत. वाक्य तयार होतं, रात्री पडल्या पडल्या शंभर वेळा म्हणून बघितलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "वर आले की त्यांना काही बोलू नकोस गं, संगीता. दमलेत ते." ते वर आले, चपला काढल्या आणि शेंगा सोलायला बसले. मीही समोर बसून सोलायला लागले. बोलले नाही, अजूनही बोललेले नाही.